कस्टम लेसर म्हणजे नक्की काय कस्टम? ३८ हजार की ९५ हजार, कोणीतरी सांगा

चष्मिश_भांडुपकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय २७, चष्मा चौथीपासून. उजवा डोळा मायनस ५.२५, त्यात सिलिंडर (एकाच दिशेने लागणारा जादा नंबर) १.२५. डावा मायनस ४.७५, सिलिंडर पाव. नंबर तीन वर्षं आहे तिथेच आहे. मला चष्म्याचा तसा राग नाही हो, पण मी ढोल पथकात आहे आणि ज्यांनी कमरेला ढोल बांधून तासभर वाजवलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप चालू आणि चष्मा घामाने घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर. वर करणार कोण? मागच्या वर्षी मिरवणुकीत शेवटी शेजारच्या ताशावाल्याने वर केला, तोही उलट्या काडीने. लेन्स लावून वाजवलं तर गुलाल आत जातो आणि रात्री डोळ्यांचे टोमॅटो.

तर यंदा चष्मा घालवायचं लेसर करून टाकायचं ठरवलं आणि रविवारी एका सेंटरला जाऊन आले. पाच-सहा मशिनींवर हनुवटी टेकवून झाली, मग काउन्सेलर बाईंनी लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे ठेवलं, अगदी उडप्याकडच्या मेनूकार्डासारखं. ब्लेडचं साधं लेसिक ३८ हजार, ब्लेडलेस ६५, ब्लेडलेस कस्टम टोपो-गायडेड ९५, स्माईल १ लाख १०. दोन्ही डोळ्यांचे मिळून. मी विचारलं कस्टममध्ये वेगळं काय, तर म्हणाल्या "मॅडम बोटाचे ठसे कसे प्रत्येकाचे वेगळे तसा डोळा असतो, आमचं मशीन २२,००० बिंदू मोजतं." बरं मोजतं, पुढे? पुढे काही नाही, आज बुकिंग केलं तर ८ हजार कमी. बाबा म्हणतात डोळ्याच्या बाबतीत स्वस्त बघू नकोस, सगळ्यात महागाचं घे. आईचं म्हणणं मुळात करूच नको.

रिपोर्टवर बुबुळाची (म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग) जाडी उजवा ५१२, डावा ५१८ मायक्रॉन लिहिलीय, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पथकाची प्रॅक्टिस दोन आठवड्यांत सुरू होतेय म्हणून घाई आहे. ज्यांनी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा.

बाब्या_काळाचौकी

९५ हजार??? अगं त्यात दोन ढोल, चार ताशे आणि वर अख्ख्या पथकाला वडापाव होईल. चष्म्याला मागून नाडी बांध, दहा रुपयात काम, आमच्या शाळेतले क्रीडा शिक्षक तेच करायचे.

जोक्स अपार्ट, २२,००० ऐकून मी पण गार झालो. पण एक विचार, आमच्या एरियातला टेलर तुझं माप चाळीस ठिकाणी घेईल, शर्ट मात्र त्याला हवा तसाच शिवेल. माप घेणं वेगळं आणि कापणं वेगळं ना?

विरारकर_८_१७

मी २००९ मध्ये केलं होतं, तेव्हा वय २८, नंबर मायनस ४ च्या आसपास. तेव्हाचं कस्टम म्हणजे वेव्हफ्रंट. अनुभव सांगतो, तांत्रिक कोणीतरी दुसरा सांगेल.

ऑपरेशन म्हणजे टेबलावर आडवं व्हायचं, थेंब टाकून डोळा बधिर, पापण्यांना क्लिप. मग डोळ्यावर एक रिंग बसवतात आणि दाबतात, त्या वेळी काही सेकंद सगळं काळं होतं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून माझी जाम टरकलेली, वाटलं गेला डोळा. नंतर फ्लॅप, म्हणजे बुबुळावरचा कापून सोडवलेला पातळ पापुद्रा, उचलतात आणि समोरचा टिमटिमणारा लाल दिवा एकदम विस्कटतो, काचेवर पाणी ओतल्यासारखा. त्याच्याकडेच बघत राहायचं. मग टिकटिकटिक आवाज आणि केस जळल्याचा वास. संपलं. एका डोळ्याला लेसर खरं तर दहा-पंधरा सेकंद असेल, बाकी सगळी तयारी.

घरी येताना डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं, चार-पाच तास नुसतं पाणी. झोपलो. सकाळी उठून खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरच्या टाकीवरचं नाव वाचलं, बायकोला हाक मारून परत वाचून दाखवलं. ते विसरणार नाही कधी.

आता नावडतं. पहिले तीन-चार महिने रात्री प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती हे मोठं वर्तुळ. हळूहळू गेलं, पूर्ण नाही पण सवय झाली. ऑफिसच्या एसीत डोळे कोरडे, वर्षभर थेंब खिशात. आणि आता ४४ चा झालोय, जवळचं वाचायला चष्मा लागलाच, मोबाईल हात लांब करून बघतो. चाळिशी काही लेसरने चुकत नाही, ती आतल्या भिंगाची भानगड आहे.

पैसे तेव्हा वसूल झाले. मिरवणुकीचं विचारशील तर निदान महिनाभर गुलालापासून लांब राहा, आणि डोळे चोळायचे नाहीत म्हणजे नाहीत.

ऑप्टो_माटुंगा

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. अकरा वर्षं याच मशिनींच्या मागे बसून लोकांना "हनुवटी टेकवा, कपाळ चिकटवा, डोळे मोठे" सांगतेय. कोणत्या सेंटरला जा ते सांगणार नाही, त्याचे व्यनिही (खासगी निरोप) करू नका.

कस्टम हा शब्द सध्या साडीच्या दुकानातल्या "प्युअर" सारखा झालाय, कशालाही लावतात. प्रत्यक्षात त्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली वेव्हफ्रंट ऑप्टिमाइज्ड. यात खरं तर तुमचं असं काहीच नाही, लेसरची स्वतःची खोड दुरुस्त केलेली असते. बुबुळ गोलाकार असतं, मधोमध लेसर सरळ पडतो आणि कडेला तिरका. छत्रीवर पाऊस पडताना बघा, मधे थेंब टप्पकन आपटतो, कडेला नुसता घसरून जातो. तसा कडेला लेसर कमी कापतो. जुन्या लेसिकमध्ये याचा हिशेब नीट नव्हता म्हणून मध्यभाग सपाट, कडा तशाच आणि रात्री बाहुली मोठी झाली की त्या कडांमधून येणारा प्रकाश फिसकटायचा. वरच्या विरारकर दादांचं वर्तुळ त्याच जातीचं असतं. ऑप्टिमाइज्डमध्ये कडेला जास्तीचे शॉट मारून ते भरून काढतात. आज बऱ्याच मशिनींत साधं म्हणून जे करतात ते हेच असतं.

दुसरी वेव्हफ्रंट गायडेड. हे खरं वैयक्तिक. डोळ्यात एक बारीक प्रकाश सोडतात, तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून परत बाहेर येतो आणि बाहेर इवल्या इवल्या भिंगांची जाळी असते, त्यातून प्रत्येकाचा एक ठिपका कॅमेऱ्यावर पडतो. डोळा निर्दोष असता तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे सरळ ओळीत ठिपके आले असते. कोणाचेच येत नाहीत. कोणता ठिपका किती सरकला यावरून डोळ्याचा दोष काढतात. आयडिझाईन नावाच्या मशिनीत असे १,२५७ ठिपके असतात. मायनस नंबर आणि सिलिंडर चष्म्याने जातं, पण त्यापलीकडचे दोष, म्हणजे कोमा (दिव्याला शेपूट फुटते), ट्रेफॉइल (दिव्याला तीन टोकं फुटतात), स्फेरिकल अॅबरेशन (दिव्याभोवती वर्तुळ) हे चष्म्याने जात नाहीत, ते यात पकडता येतात.

तिसरी टोपो-गायडेड, तुमच्या कार्डावरची, काँटुरा म्हणतात ती. यात बुबुळावर गोल गोल रिंगांचं प्रतिबिंब पाडतात आणि त्या रिंगा कुठे दबल्यात, कुठे फुगल्यात त्यावरून पृष्ठभागाचा नकाशा. २२,००० बिंदू ते हेच, खोटं नाही सांगितलं बाईंनी. फक्त हा नकाशा बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागाचा, आतल्या भिंगात काय आहे ते त्याला दिसत नाही. वेव्हफ्रंटला सगळा डोळा एकत्र दिसतो पण दोष नक्की कुठे आहे ते कळत नाही. ज्याचं बुबुळ ओबडधोबड आहे, आधी ऑपरेशन होऊन बिघडलंय किंवा जखमेचा डाग आहे त्याच्यासाठी टोपो म्हणजे देवच. सरळसोट डोळ्याला ऑप्टिमाइज्ड आणि कस्टम यांत फरक असतो पण ३८ आणि ९५ मधल्या ५७ हजारांइतका दिसेलच असं मी माझ्या बहिणीला तरी सांगणार नाही. तुमच्या डाव्या पाव सिलिंडरच्या डोळ्याला तर नाहीच. उजव्याचा विचार करता येईल.

बाब्या, तुमचा टेलर बरोबर आहे. मापाइतकंच महत्त्व ते माप डोळ्यावर कुठे बसतं याला. माणूस बसलेला असताना माप घेतात आणि लेसर आडवं झोपवून मारतात, आणि झोपलं की डोळा खोबणीत दोन-चार अंश फिरतो, काहींचा त्याहून जास्त. सिलिंडरचा अक्ष ४ अंश चुकला तर साधारण १४ टक्के करेक्शन वाया जातं, १० अंशांना पस्तीस टक्के, आणि ३० अंश चुकला तर केलं न केलं सारखंच. शर्टाचं बटण एक घर चुकवून लावल्यासारखं. म्हणून चांगल्या मशिनी बसलेल्या डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या रेषांचा फोटो काढून ठेवतात आणि झोपल्यावर त्या रेषा जुळवून नकाशा तेवढाच फिरवतात. ती सोय नसेल तर डॉक्टर बसलेलं असतानाच बुबुळाच्या कडेला शाईने खुणा करतात, तेही उत्तम चालतं. शिवाय ट्रॅकर असतो, डोळा हलला की लेसर त्याच्या मागे, काही मशिनींत सेकंदाला हजारवेळा बघतो. त्यामुळे "मी हललो तर?" याची धास्ती नको. जास्तच हलला तर लेसर आपोआप थांबतो.

आता माझा एकच प्रश्न, तुम्ही लिहिलंय की लेन्स लावता. रविवारी तपासणीला जाण्याआधी लेन्स किती दिवस काढून ठेवली होती?

चष्मिश_भांडुपकर

बाप रे ताई, एवढं कोणी आजवर समजावलंच नव्हतं, ठिपक्यांची रांगोळी तर आईला पण कळली.

लेन्स... शनिवारी रात्री काढली. सकाळी अकराची अपॉइंटमेंट होती. फोनवर फक्त "लेन्स घालून येऊ नका" म्हणाले होते त्यामुळे मी चष्मा घालून गेले. प्रॉब्लेम आहे का?

ऑप्टो_माटुंगा

हो, आहे.

रोज लेन्स लावणाऱ्याचं बुबुळ लेन्सच्या आकाराला थोडं वळलेलं असतं. घट्ट मोज्याची खूण पायावर कशी राहते तसं, फक्त इथे जायला दिवस लागतात. सॉफ्ट लेन्सला साधारण एक ते दोन आठवडे, सिलिंडरवाल्या टोरिकला दोन धरूनच चाला, आणि कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे किंवा जास्तही. म्हणजे त्यांनी २२,००० बिंदू मोजले ते तुमच्या बुबुळाचे नव्हतेच, लेन्सने दाबून ठेवलेल्या बुबुळाचे होते. साध्या लेसिकमध्ये या चुकीने नंबर थोडा उरला असता. कस्टममध्ये ती चूक बारकाव्यासकट कोरली जाते.

आजपासून लेन्स बंद. दोन आठवड्यांनी परत माप, आणि एकदा घेऊन भागत नाही, तीन-चार स्कॅन एकमेकांशी जुळले पाहिजेत. डोळा कोरडा असला तरी रिंगा फाटतात आणि ठिपके धुरकट येतात, त्यामुळे आधी थेंब टाकून डोळा नीट करायचा आणि मग मोजायचं. आमच्याकडे पेशंट ऑफिसातून दहा तास स्क्रीन बघून थेट स्कॅनला येतात, मी परत पाठवते, शिव्या खाते.

नाना_गिरगाव

तरुण मंडळींचं चालू द्या, मी थोडा इतिहास घुसडतो. आयुष्यभर भिंगं आणि आरसे यांच्यातच नोकरी झाली त्यामुळे राहवत नाही.

ऑप्टोताईंची ठिपक्यांची रांगोळी मूळची दुर्बिणवाल्यांची. साधारण १९०० साली हार्टमान नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचं भिंग तपासायला भोकं पाडलेली एक पाटी वापरली, भोकांतून येणारे किरण कुठे पडतात ते बघायचं. पुढे अमेरिकेच्या हवाई दलाला जमिनीवरून उपग्रहांचे फोटो नीट दिसेनात, हवेमुळे थरथरायचे, म्हणून ऍरिझोना विद्यापीठात रोलंड शॅक यांनी १९७१ च्या सुमारास भोकांऐवजी छोटी भिंगं बसवली. नाव पडलं हार्टमान-शॅक. १९९४ मध्ये हायडेलबर्गला लियांग, बिले वगैरे मंडळींनी तेच माणसाच्या डोळ्यापुढे लावलं, आणि १९९९ मध्ये ड्रेस्डेनला थिओ झायलर यांनी त्यावरून पहिलं वेव्हफ्रंट लेसिक केलं. म्हणजे उपग्रह बघायला काढलेली युक्ती आता भांडुपच्या ढोलवालीच्या कामाला.

आणि लेसरचं तर त्याहून मजेशीर. मद्रासला शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये होते, काम प्लॅस्टिकवर बारीक कोरीवकाम कसं करायचं ते, डोळ्याशी संबंध शून्य. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाचं उरलेलं टर्की घरून प्रयोगशाळेत आणलं आणि १९३ नॅनोमीटरच्या एक्झायमर लेसरखाली धरलं. कापलं अगदी स्वच्छ, बाजूचं मांस जराही करपलं नाही, कारण हा लेसर भाजत नाही, रेणूंचे बंध तोडून तेवढाच थर उडवतो. आपल्याकडे उरलेल्या मटणाचा फार तर दुसऱ्या दिवशी रस्सा होतो. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. ट्रोकेल यांच्याबरोबर तेच बुबुळावर. २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना राष्ट्रीय पदक मिळालं.

(ब्लेडलेसमधला फेम्टो लेसर वेगळा, तो अवरक्त आणि बुबुळाच्या आत बुडबुडे पाडत फ्लॅप सोडवतो. त्याची सुरुवात मिशिगनच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेसर गेला तिथून झाली. डॉक्टरांनी तपासलं तर जखम इतकी नेटकी की त्यावरच संशोधन सुरू झालं. त्या लॅबचे मूरू यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशा अतिसूक्ष्म काळाच्या झोताचं तंत्र काढल्याबद्दल.)

विरारकरांना आलेला वास म्हणूनच, जळल्याचा वाटतो पण जळत काही नाही.

निमा_ठाणे

मी नापास झालेल्यांपैकी. मायनस साडेतीन, वय तेव्हा २३, एका ठिकाणी पहिल्या भेटीतच "तुम्ही एकदम फिट, परवा या" म्हणाले. भावाने ओरडून दुसरीकडे दाखवायला लावलं. तिथे पेंटाकॅमवर (बुबुळाची पुढची-मागची दोन्ही बाजू दाखवणारा स्कॅन) मागच्या बाजूला बुबुळ खालच्या अंगाला हलकंसं फुगलेलं दिसलं, केराटोकोनसची (बुबुळ पातळ होऊन पुढे फुगत जाण्याचा आजार) सुरुवात. पुढच्या पृष्ठभागावर जवळजवळ काहीच नव्हतं. त्यांनी सांगितलं लेसर केलंत तर आधीच लेच्यापेच्या भिंतीच्या विटा काढल्यासारखं होईल.

मला लहानपणापासून ऍलर्जी, खाज आली की मुठीने खसाखसा डोळे चोळायची सवय, त्याचाही त्यात हात असतो म्हणाले. नंतर एका डोळ्याचं वाढायला लागलं तेव्हा सी-थ्री-आर केलं, म्हणजे पिवळे रायबोफ्लेविनचे थेंब टाकून त्यावर अल्ट्राव्हायोलेट, त्याने बुबुळ थोडं कडक होतं. आता चार वर्षं स्थिर आहे. चष्मा आहे, लेक ओढते, चालतंय.

एवढंच सांगायचं होतं की पॅकेज कुठलं याच्या आधी मागच्या पृष्ठभागाचा स्कॅन झालाय का ते विचार. आणि त्याची प्रिंट हातात घे. मी मागितली तर पहिल्या ठिकाणी "सिस्टिममध्ये आहे" एवढंच उत्तर.

बाब्या_काळाचौकी

नाना म्हणजे चालतं बोलतं संग्रहालय. टर्की वाचून भूक लागली.

ऑप्टोताई, मग १ लाख १० वालं स्माईल काय? सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात कस्टम?

ऑप्टो_माटुंगा

गंमत म्हणजे उलटं. स्माईलमध्ये फेम्टो लेसर बुबुळाच्या आतच पापडासारखी एक पातळ चकती कापतो आणि दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढतात. फ्लॅप नाही, बुबुळाच्या नसा कमी कापल्या जातात म्हणून कोरडेपणाही साधारण कमी. धक्काबुक्कीचे खेळ, कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांना फ्लॅप नसणं सोयीचं. पण ती चकती तुमच्या नंबरची आणि सिलिंडरची असते, वेव्हफ्रंट किंवा टोपोच्या नकाशावरून कोरलेली नसते. म्हणजे कार्डावरचा महागातला आयटम मापाच्या बाबतीत सगळ्यात साधा. वाईट अजिबात नाही, फक्त वेगळं. उरलेला नंबर परत काढायचा झाला तर लेसिकइतकं सोपं नाही, तिथे फ्लॅप उचलता तरी येतो.

आता चष्मिश, तुमची जाडी ५१२ म्हणालात, त्याचा हिशेब करू, कारण कस्टमचं खरं बिल रुपयांपेक्षा मायक्रॉनमध्ये येतं. ठोकताळा असा: जेवढ्या रुंदीचा भाग (झोन) सुधारायचा त्याचा वर्ग करून तीनने भागा, एका नंबराला तेवढे मायक्रॉन जातात. साडेसहा मिलिमीटरला सुमारे १४, सहाला १२. उजव्याचे सव्वापाच आणि सिलिंडरचे सव्वा मिळून साडेसहा, म्हणजे साडेसहाच्या झोनला ९१ मायक्रॉन. त्यात फ्लॅप ११० धरा. २०१ गेले, उरले ३११. तळाला निदान २५० ठेवायचे हा जुना नियम, हल्ली ३०० बघतात. शिवाय फ्लॅप आणि कापलेलं मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी असावं म्हणतात, तुमचं ३९ आणि वर थोडं. बसतंय, पण दाटीवाटीने, चौथ्या सीटसारखं. कस्टमने बारीक दोष काढायचे तर आणखी थोडे मायक्रॉन लागतात, आणि मग कुठूनतरी ते काढावे लागतात.

काढायचे कुठून? झोन सहावर आणला की १३ मायक्रॉन वाचतात. पण अंधारात तुमची बाहुली सात मिलिमीटर होत असेल तर झोनच्या बाहेरून प्रकाश आत येणार आणि रात्री दिव्यांना वर्तुळं. म्हणून अंधारातल्या बाहुलीचं माप विचारा, रिपोर्टवर असतं, कोणी वाचून दाखवत नाही. रात्री स्कूटर चालवत असाल तर जास्तच महत्त्वाचं. आणि हे सगळं विचारायचं डॉक्टरांना, काउन्सेलरला नाही, त्या बिचारीला टार्गेट असतं.

जाता जाता, ऑपरेशनच्या दिवशी सेंट, अत्तर, डिओ काही लावून जाऊ नका. त्याच्या वाफेचा एक्झायमरच्या वाटेवर आणि आरशांवर परिणाम होतो. लेसर रूममध्ये हवेतला दमटपणाही धरून ठेवावा लागतो कारण बुबुळ ओलं की सुकं यावर लेसर किती कापेल ते ठरतं. जुलैच्या मुंबईत हे काय प्रकरण आहे ते आमच्या एसीवाल्याला विचारा. रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी टेस्ट प्लेटवर शॉट मारून मशीन तपासतो आम्ही. एकदा एक काका मोगऱ्याचं अत्तर चोपडून आले, आंघोळ करून परत या सांगितलं, फार रागावले. मंगलकार्य म्हणून लावलं होतं म्हणे.

विरारकर_८_१७

चौथ्या सीटसारखं 😂 ताई तुम्ही पण लोकलवाल्याच दिसता.

चष्मिश_भांडुपकर

मंडळी अपडेट द्यायला आले, अठरा दिवस झाले.

लेन्स त्याच दिवशी बंद केली. कोरडेपणासाठी थेंब चालू केले. काल परत गेले, मुद्दाम सकाळी, ऑफिसच्या आधी. चार स्कॅन घ्यायला लावले, पहिल्यांदा जो मुलगा होता तोच होता, त्याने आधी कंटाळून बघितलं आणि नंतर दोन्ही दिवसांचे नकाशे शेजारी शेजारी लावल्यावर तोच खुर्ची ओढून बसला. उजव्या डोळ्याचा सिलिंडर १.२५ होता तो आता पाऊण! आणि अक्ष ८ अंशांनी वेगळा. जाडी ५१२ ची ५०८ निघाली, लेन्समुळे किंचित सूज होती म्हणे. जुन्या नकाशात खालच्या बाजूला एक नारिंगी डाग होता तो बराच फिका झालाय. मी तो फोटो बघत बसले, म्हणजे मी त्या रविवारी ८ हजाराच्या मोहाने बुकिंग केलं असतं तर तो डाग माझ्या डोळ्यातून काढायला गेले असते, जो डोळ्यात नव्हताच.

मग डॉक्टरांना भेटायचंच म्हणून अडून बसले. पाऊण तास थांबवलं पण भेटले, आणि माणूस चांगला आहे, स्वतः कागदावर हिशेब मांडला, ताईंनी मांडला तसाच. आता उजव्याचे मिळून सहा, साडेसहाच्या झोनला ८४ आणि फ्लॅप ११०, उरतात ३१४. मागचा पृष्ठभाग स्वच्छ आहे (निमा, तुझी आठवण काढली, प्रिंट घेऊन आले). अंधारातली बाहुली ६.४, त्यामुळे झोन कमी करायची गरज नाही. कोमा वगैरे बघून म्हणाले दोन्ही डोळ्यांना ब्लेडलेस ऑप्टिमाइज्ड पुरे, टोपोचा हट्ट असेल तर उजव्याला करू पण त्यांना फार फरक दिसत नाही. म्हणजे ६५ वालं. काउन्सेलर बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

तारीख घेतली नाहीये. अनंत चतुर्दशी झाली की आठवडाभरात, पुन्हा एकदा स्कॅन करून. तोवर पाऊस, प्रॅक्टिस, गुलाल सगळं चष्म्यावरच. बाब्या, दादरला नाडी मिळाली, वीस रुपये झालेत आता. काल प्रॅक्टिसला बांधून वाजवलं, चष्मा जागचा हलला नाही पण त्यावर पाऊस इतका की ताशावाला दिसेना, नुसत्या आवाजावर हात टाकत होते.

नाना_गिरगाव

गिरगावात मिरवणुकीत आलीस तर ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर मी असतो, आमच्या गॅलरीखाली. चष्मा पुसायला स्वच्छ फडका ठेवतो.